‘तुच्छतेने’ हा शब्द न वापरता केलेला अपमान

आज एक इंग्रजी शब्द घेऊ: ‘कंटेम्प्ट्युअसली’. अर्थ सोपा आहे, तुच्छतेने. ‘तो तुच्छतेने हसला’, ‘तिने तुच्छतेने पाहिलं’. क्रियापद कृती सांगतं, हे क्रियाविशेषण त्यामागची नजर सांगतं.

आता मराठीकडे या. कंपनी सरकारच्या फौजेतल्या जेम्स मोल्सवर्थने कँडी बंधू आणि इथल्या पंडितांच्या मदतीने मराठी-इंग्रजी कोश केला. पहिली आवृत्ती 1831 ची, दुसरी 1857 ची. त्यात कितीतरी शब्दांपुढे हाच शेरा दिसतो: तुच्छतेने वापरतात. कारण मराठीत तुच्छता सांगायला वेगळं क्रियाविशेषण लागतच नाही. ती शब्दाच्या शेपटीत बसते. पोरगं म्हटलं की लेकरू, पोरटं म्हटलं की कटकट. गणपतचा गण्या झाला, की झालं!

पण थांबा. रिठदच्या पोरांना विचारा, दोस्त दोस्ताला ‘काय बे गण्या’ म्हणतो तेव्हा त्यात माया असते. आपल्या वऱ्हाडात तर ‘बे’शिवाय दोस्ती पुढे सरकत नाही. मग माया कुठे संपते अन् अपमान कुठे सुरू होतो?

खूण एकच: उलट बोलता येतं का? दोस्त दोस्ताला तसंच उत्तर देतो. पण जुन्या गावगाड्यात पाटलाचं पोरगं साठीच्या दलित म्हाताऱ्याला ‘अरे’ म्हणायचं, अन् म्हातारा त्या पोराला ‘मालक’. नाव एकाच बाजूने तोडलं जायचं. कोशातल्या शेऱ्यात हे दिसत नाही. शब्द कसा वापरतात ते कोश सांगतो, कोण कोणाला म्हणतं ते सांगत नाही.

पुढे कायद्यालाच मध्ये यावं लागलं. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाचा लोकांसमोर जाणूनबुजून अपमान करणं गुन्हा ठरवलं. डिसेंबर 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. त्याजागी समता नगर, भीम नगर, क्रांती नगर अशी नावं सुचवली.

पाटी एका दिवसात बदलते, जीभ वेळ घेते. तुमच्या गावात अजून कुणाचं नाव एकाच बाजूने तोडलं जातं? या आठवड्यात जरा कान देऊन ऐका.