बोरघाटातील ओझे आणि गुडघा
गव्हर्नर माल्कमच्या कारकिर्दीत, १८३० मध्ये, बोरघाटाचा गाडीरस्ता खुला होण्यापूर्वी कोकणातून मावळात चढणारा माल बैलांच्या पाठीवरून किंवा हमालांच्या डोक्यावरून येई, पालखीचा दांडा भोयांच्या खांद्यावर असे. पण हा भार अखेर पेलत असे ती गुडघ्यातील कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत, लवचिक आवरण. तिच्यातील विरळ कूर्चापेशी कोलॅजेनचे चिवट तंतू आणि पाणी धरून ठेवणारी प्रथिन-शर्करा संयुगे घडवतात. तिथे रक्तवाहिन्या नसल्याने या पेशींचे पोषण सांध्यातील वंगणद्रवातून होते, आणि चालताना पडणारा-सुटणारा दाब त्या देवघेवीला हातभार लावतो. चढणीपेक्षा उतरण गुडघ्याला जड जाते, हे भोयांना शास्त्राविनाच ठाऊक असावे. १८६३ मध्ये घाटातला लोहमार्ग सुरू झाला, ज्याची सर्वांत तीव्र चढण ३७ फुटांमागे एक फूट होती. मात्र तो बांधताना दगडमाती वाहिली ती हजारो मजुरांनीच.