ठिणगी कोंडणारी पेटी

१/ १४ ऑक्टोबर १९१३. वेल्समधील सेंघेनिड गावच्या युनिव्हर्सल कोळसाखाणीत सकाळी प्रचंड स्फोट झाला. ४३९ खाणकामगार व बचावपथकातील एक जण मृत्युमुखी पडला. ब्रिटनच्या इतिहासातील ही सर्वांत भीषण खाणदुर्घटना.

२/ नेमके कारण सिद्ध झाले नाही. मात्र विजेच्या संकेतघंटेच्या ठिणगीने मिथेन पेटला असावा, असा संशय चौकशीत पुढे आला. हवेत मिथेन सुमारे ५ ते १५ टक्के असला, की एवढीशी ठिणगीही पुरते.

३/ मग उपकरण हवाबंद पेटीत का ठेवू नये? पेटी तापते, निवते आणि निवताना बाहेरची हवा आत ओढते. वायू कालांतराने शिरतोच. जर्मन खाणतज्ज्ञ कार्ल बायलिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी प्रयोगांतून निराळा मार्ग दाखवला. स्फोट आत झाला तरी चालेल. पेटी फुटता कामा नये. झाकणाच्या रुंद कडांमधील अरुंद फटीतून जाताना ज्वाला निवते व विझते. हीच फ्लेमप्रूफ पेटी.

४/ आज पेट्यांवर दिसणारी ‘आयपी’ श्रेणी वेगळी. तिचा पहिला अंक धूळ व घन वस्तूंपासूनचे, दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण सांगतो. आयपी ६५ म्हणजे धूळ आत जाणार नाही, पाण्याचा झोतही बाधणार नाही. स्फोटाविषयी मात्र ती काहीच सांगत नाही. त्यासाठी ‘ईएक्स’ ही खूण पाहावी लागते.

५/ म्हणून पेटी निवडताना आधी विचारावे : धोका बाहेरून आत येणार आहे, की आतून बाहेर जाणार आहे? घंटेला केवळ पाण्यापासून जपणारी पेटी सेंघेनिडच्या कामगारांच्या कामी आली नसती.