गडगडाटाखालचे वाक्य

जेम्स व्हेलच्या 'फ्रँकेनस्टाईन'मध्ये (१९३१) निर्जीव हात हलतो, कॉलिन क्लाइव्हचा हेन्री बेभान होऊन ओरडतो आणि नेमके तेव्हाच आभाळ गडगडते. आम्ही वर्षानुवर्षे त्या गडगडाटाला दिग्दर्शकाची प्रतिभा समजत आलो. प्रत्यक्षात ती सेन्सॉरची करामत होती. देव असणे म्हणजे काय ते आता आपल्याला कळले, असे हेन्री तिथे म्हणतो. १९३४ पासून हॉलिवूडची निर्मितिसंहिता कडकपणे अमलात आली आणि पुनःप्रदर्शनाच्या वेळी हे पाखंडी वाक्य मेघगर्जनेखाली गाडले गेले. शीर्षकांपलीकडे चित्रपटात पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. तुटलेल्या सुरावरून चोरी पकडण्याचीही सोय नव्हती.

तलावाकाठच्या मुलीचे कापलेले दृश्य ऐंशीच्या दशकात परत आले. दृश्य कापले की उणीव डोळ्यांना खुपते; आवाज झाकला की उणीवही झाकली जाते. हा आवाज अखेर सापडला तो तबकडीवर. फिल्मवरील ध्वनिपट्टी वाजवण्याची यंत्रणा नसलेल्या चित्रगृहांसाठी त्या काळी ध्वनी तबकड्यांवरही पाठवीत. तिथवर सेन्सॉरचा हात पोहोचला नव्हता! १९९९ च्या जीर्णोद्धारित आवृत्तीत वाक्य अंशतः परतले, पुढे संपूर्ण.

ते योग्यच झाले. मात्र तो गडगडाट ऐकताना आभाळच हेन्रीला उत्तर देत आहे, असे आम्हांला वाटे. सेन्सॉरने नकळत दिलेला हा अर्थ नव्या प्रतीत उरलेला नाही, याची थोडी चुटपुट लागतेच.