पुसलेल्या फितींचे साक्षीदार

२३ ऑक्टोबर २०२२ रोजी बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानमालिकेत एक वृद्ध गृहस्थ काही क्षण दिसले. विल्यम रसेल, वय ९७. भूमिका इयान चेस्टरटन या शाळामास्तरांची. ती त्यांनी १९६५ मध्ये सोडली होती. ५७ वर्षांनी त्याच भूमिकेत परतल्याची नोंद गिनेसने विक्रम म्हणून केली. अशा पुनरागमनांना आपण स्मरणरंजन म्हणून मोकळे होतो. मला मात्र त्यांत दफ्तरखान्याचे काम दिसते.

कालप्रवासी ‘डॉक्टर’ची ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. पहिली चार भागांची कथा दिग्दर्शित केली ती लखनौत जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी, वयाच्या चोविसाव्या वर्षी. (मालिकेच्या जन्माची ही भारतीय बाजू आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.) साठच्या दशकात एकूण २५३ भाग प्रक्षेपित झाले. पुढे बीबीसीनेच त्यांच्या चित्रफिती पुसल्या. दुष्टाव्याने नव्हे, हिशेबाने. फीत महाग होती आणि पुन्हा वापरता येई. नटांशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होती. रंगीत चित्र आल्यावर कृष्णधवल भागांना गिऱ्हाईक उरले नाही. १९७८ च्या सुमारास हे थांबले. परदेशी विकलेल्या फिल्मच्या प्रती नंतर कुठून कुठून परतल्या. २०१३ मध्ये नायजेरियातील जोस येथून आलेले नऊ भाग जाहीर झाले, तरी ९७ बेपत्ताच राहिले. ऑस्ट्रेलियाच्या सेन्सॉरने कापून काढलेले काही तुकडे मात्र टिकले. जे दाखवायचे नव्हते, तेवढेच हाती लागले!

आवाज मात्र सगळ्या भागांचा आहे. त्या काळच्या काही प्रेक्षकांनी घरी दूरचित्रवाणीसमोर टेपरेकॉर्डर लावून तो उतरवून घेतला होता. पण आवाजावरून संवाद कळतात, हालचाली कळत नाहीत.

१९६५ ची ‘द क्रुसेड’ ही चार भागांची कथा घ्या. बाराव्या शतकातील पॅलेस्टाईन, सिंहहृदयी रिचर्ड आणि सलादीन. दुसरा आणि चौथा भाग बेपत्ता. म्हणजे रिचर्ड इयानला सरदारकी देतो तो प्रसंग गेला, आणि वाळवंटात त्याला बांधून, मध लावून मुंग्यांच्या हवाली करण्याचा प्रसंगही गेला. पहिला भाग १९९९ मध्ये न्यूझीलंडमध्ये सापडला आणि त्याच वर्षी उरलेले दोन भाग व्हिडिओ कॅसेटवर आले. गाळलेल्या जागा भरायला पंचाहत्तरीला टेकलेले रसेल म्हातारा इयान होऊन कॅमेऱ्यासमोर बसले आणि जुनी हकिगत सांगावी तशी ती कथा सांगू लागले.

अभ्यासकाने इथे सावध राहावे. ही रसेल यांची आठवण नव्हे, लिहून दिलेली संहिता आहे. पहिल्याच वर्षी ४२ भाग झाले होते. आठवड्याला एक या वेगाने काम करणाऱ्या नटाला कुठल्या प्रसंगात आपण कुठे उभे होतो हे कसे आठवावे? तरीही ते नुसते निवेदन वाटत नाही, कारण पुसल्या गेलेल्या फितीत तोच चेहरा होता. पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल १९७५ मध्ये गेले, दुसरे पॅट्रिक ट्राउटन १९८७ मध्ये. मागे उरले ते त्यांच्या सोबत्यांचे नट. ध्वनिफितींच्या आवृत्त्यांत पीटर पर्व्हिस, फ्रेझर हाइन्स, अ‍ॅनेक विल्स यांनीच न दिसणारे दृश्य शब्दांत भरले.

हाइन्स यांच्या वाट्याला तर विलक्षण योग आला. १९६९ मध्ये मालिका सोडताना त्यांच्या जेमीची डॉक्टरबरोबरच्या प्रवासाची स्मृती कथेतच पुसली जाते. झोई या मैत्रिणीचीही. २०२३ च्या ‘टेल्स ऑफ द टार्डिस’मध्ये हाइन्स आणि वेंडी पॅडबरी पुन्हा भेटतात ते ती स्मृती परत मिळालेले दोन म्हातारे म्हणून. गप्पा मारून ते ‘द माइंड रॉबर’ या जुन्या कथेकडे वळतात. ती पूर्ण टिकली आहे, म्हणून तिच्याकडे वळता आले. जेमीच्या कितीतरी कथांकडे असे वळता येत नाही.

रसेल ३ जून २०२४ रोजी वारले, वयाच्या ९९ व्या वर्षी. हे लिहीपर्यंत ‘द क्रुसेड’चे ते दोन भाग सापडलेले नाहीत.