‘खलाशी’ : जुन्या वृत्तपत्रांतील एका सागरी शब्दाचे अर्थ

‘खलाशी’ म्हटले की मराठी वाचकाला जहाजावरचा माणूस आठवतो. एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्याची वृत्तपत्रे वाचताना मात्र या सवयीने फसगत होते. हा शब्द समुद्रावर चाले तसाच लष्करी छावणीत, जमीन-मोजणीत आणि पुढे रेल्वेतही चालत असे.

यूल व बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या कोशात त्याचे चार अर्थ आढळतात : तंबू उभारणारा, मोजणीची साखळी धरणारा, देशी नाविक आणि तोफखान्यातील मदतनीस. व्युत्पत्ती सामान्यतः अरबी ‘खलास’ म्हणजे सुटका या शब्दापासून सांगतात. पण सुटकेचा आणि तंबूचा संबंध काय, हे कोशकारांनाही नीट उलगडले नव्हते. त्यांनी सुकाणू या अर्थाच्या एका जुन्या फारसी शब्दाकडेही लक्ष वेधले आहे. याच कोशात टिपू सुलतानच्या १७८५ च्या एका पत्रातील शंभर खलाशांचा उल्लेख आहे. ते दर्यावर्दी की तंबूवाले, हे त्या एका ओळीवरून ठरत नाही.

‘लास्कर’ची वाट नेमकी उलटी. फारसी ‘लष्कर’पासून निघालेला हा शब्द पोर्तुगीजांनी आधी देशी शिपायासाठी वापरला आणि इंग्रजीत तो अखेर नाविकावर स्थिरावला. इंग्रजी बातमीतील ‘लास्कर’ मराठीत ‘खलाशी’ झाला की दोन्हीकडची संदिग्धता एकत्र येते. ‘दर्पण’सारख्या (१८३२) मराठी-इंग्रजी स्तंभ शेजारी छापणाऱ्या पत्रात अर्थ पडताळता येतो, केवळ मराठी पत्रांत ती सोय नाही.

इतकी कामे एका शब्दात का मावली? त्या सर्वांत कसब एकच आहे : दोर, कप्पी आणि जड वस्तू उचलण्याची युक्ती. शीड चढविणारा माणूस तंबूही ताणू शकतो आणि पुलाची तुळईही ओढू शकतो. केरळातील बेपूरचे मापिळा खलाशी हे याचे जिवंत उदाहरण. १९८८ च्या पेरुमण रेल्वे अपघातात अष्टमुडी सरोवरातून डबे वर काढण्यासाठी त्यांनाच बोलावण्यात आले होते.

कॅसलरॉक येथे हा प्रश्न अधिकच अवघड होतो. जोयडा तालुक्यातील हे सह्याद्रीमाथ्याचे स्थानक मुरगाव बंदरापासून रेल्वेने सुमारे ८० किलोमीटर आत आहे. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज कंपनीने मुरगावचे बंदर आणि घाटातील मीटरगेज मार्ग ही दोन्ही कामे केली. १८८८ मध्ये हा मार्ग कॅसलरॉक येथे सदर्न मराठा रेल्वेला जोडला गेला. म्हणजे एकाच कंपनीकडे एका टोकाला धक्का व होड्या, तर दुसऱ्या टोकाला ३७ फुटांत १ फूट चढणारा घाट. या मार्गावर खलाशी दगावल्याची त्रोटक बातमी हाती आली, तर तो बुडाला की डब्याखाली सापडला? अशा वेळी शब्दापेक्षा ठिकाण, मुकादमाचा हुद्दा आणि इजेचे वर्णन हे अधिक विश्वासाचे साक्षीदार ठरतात. सारंग किंवा तांडेल हे शब्द शेजारी असल्यास जहाजाची शक्यता वाढते. तीही खात्री नव्हे, कारण तांडेल छावणीतही असे.

ही केवळ शब्दांची चिकित्सा नाही. रत्नागिरी किनाऱ्यावरील कोकणी मुसलमान मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटींवर मोठ्या संख्येने डेकवर काम करीत. वृत्तपत्रांतील प्रत्येक मुसलमान खलाशी दर्यावर्दी मानला, तर त्यांची संख्या फुगते आणि छावणीत, मोजणीत व लोहमार्गावर राबलेले त्याच समाजाचे मजूर इतिहासातून पुसले जातात. मजुरांच्या इतिहासात दुसरी चूक अधिक गंभीर आहे, कारण त्यांच्यामागे बहुधा त्या दोन ओळींच्या बातमीखेरीज काहीच उरलेले नसते.

रेल्वेत हा शब्द समुद्रापासून फारच दूर गेला. अधिकाऱ्यांच्या निवासस्थानी नेमल्या जाणाऱ्या सेवकाचे अधिकृत पदनाम ‘टेलिफोन अटेंडंट-कम-डाक खलाशी’ असे होते. त्या पदावरील नव्या नेमणुका रेल्वे बोर्डाने ऑगस्ट २०२० मध्ये थांबविल्या.