परवाना माणसाचा की यंत्राचा?

१/ संगणकाचा मदरबोर्ड निकामी झाला, नवा बसवला आणि पैसे मोजून घेतलेली विंडोज पुन्हा परवाना मागू लागली, हा अनुभव अनेकांच्या गाठीशी असेल. मग आपण नेमके काय विकत घेतले होते? वस्तू, की ती वापरण्याची परवानगी? या प्रश्नामागे अर्धशतकाहून मोठा इतिहास आहे. #थ्रेड

२/ १९६० च्या दशकात सॉफ्टवेअरला सहसा वेगळी किंमत नसे. आयबीएमचा अवाढव्य संगणक भाड्याने घेतला की आज्ञावली त्याच रकमेत मिळत. जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकी सरकारने आयबीएमवर मक्तेदारीविरोधी खटला भरला. त्याच वर्षी २३ जूनला कंपनीने काही आज्ञावलींची स्वतंत्र आकारणी जाहीर केली. ऑपरेटिंग सिस्टीम मात्र तेव्हाही यंत्रासोबतच राहिली.

३/ वेगळ्या किमतीसोबत नवा पेच आला. यंत्राची नक्कल करणे अवघड, आज्ञावलीची मात्र सोपी. ३ फेब्रुवारी १९७६ च्या खुल्या पत्रात तरुण बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींच्या या फुकट नकलांवर कठोर टीका केली. प्रत न विकता, अटी घालून वापराचा परवाना देण्याची पद्धत पुढे रूढ झाली.

४/ या पद्धतीचा पहिला मोठा चटका खुद्द मायक्रोसॉफ्टलाच बसला. सिअ‍ॅटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीत टिम पॅटरसन यांनी लिहिलेली डॉस मायक्रोसॉफ्टने जुलै १९८१ मध्ये ५०,००० डॉलर देऊन पूर्णपणे आपल्या मालकीची केली. मात्र आपल्या संगणकांसोबत डॉस विकण्याचा हक्क त्या छोट्या कंपनीने राखून ठेवला, तोही रॉयल्टी न भरता.

५/ पुढे ती कंपनी डबघाईला आली. तिच्यापाशी सर्वांत मौल्यवान असे काही उरले असेल, तर तो हा हक्क. तो दुसऱ्याला विकता येईल का? मायक्रोसॉफ्टने नकार दिला आणि १९८६ मध्ये प्रकरण न्यायालयात गेले. अखेर ९,२५,००० डॉलर देऊन मायक्रोसॉफ्टने तडजोड केली. मूळ मालकीला मोजलेल्या ५०,००० डॉलरशी हा आकडा ताडून पाहा!

६/ दरम्यान मायक्रोसॉफ्टचा मोठा व्यवसाय संगणक-उत्पादकांशी होऊ लागला होता. काही करारांत तर, डॉस बसवलेली असो वा नसो, विकल्या गेलेल्या प्रत्येक संगणकामागे शुल्क द्यावे लागे. जुलै १९९४ मध्ये अमेरिकी सरकारशी झालेल्या समझोत्याने अशा करारांना मनाई केली. उत्पादकामार्फत मिळणारा स्वस्त ‘ओईएम’ परवाना मात्र त्या एका यंत्राशी बांधलेलाच राहिला.

७/ नव्या आवृत्तीकडे जाण्यासाठी ‘अपग्रेड’ प्रत मिळे. ती पूर्ण प्रतीपेक्षा स्वस्त, पण जुना परवाना हाताशी असणाऱ्यालाच लागू. १९९५ ची विंडोज ९५ घ्या. तिच्या अपग्रेड प्रतीला संगणकात जुनी विंडोज सापडली नाही, तर ती जुन्या फ्लॉपीचा पुरावा मागे.

८/ २००१ च्या विंडोज एक्सपीने ही राखण यंत्राकडे सोपवली. ३० दिवसांत ‘अ‍ॅक्टिव्हेशन’ बंधनकारक झाले. हार्ड डिस्क, प्रोसेसर, नेटवर्क कार्ड अशा सुट्या भागांवरून संगणकाची ओळख ठरू लागली. बरेच भाग एकदम बदलले की तो ‘नवा’ ठरे आणि अ‍ॅक्टिव्हेशन पुन्हा करावे लागे.

९/ ऑक्टोबर २००६ मध्ये व्हिस्टाच्या अटी प्रसिद्ध झाल्या. दुकानातून घेतलेला परवानाही दुसऱ्या संगणकावर एकदाच नेता येणार होता! स्वतः संगणक जुळवणारे हौशी खवळले. काही आठवड्यांतच, नोव्हेंबरच्या आरंभी, मायक्रोसॉफ्टने ती अट मागे घेतली.

१०/ न्यायालयांचेही एकमत नाही. ६ जुलै २००० रोजी जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मायक्रोसॉफ्टच्या विरोधात निर्णय दिला : ओईएम प्रत एकदा कायदेशीररीत्या बाजारात आली, की ती संगणकाविना विकण्यास कंपनी मनाई करू शकत नाही. याउलट ऑटोकॅडच्या जुन्या प्रतींबाबत अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २०१० मध्ये कंपनीची बाजू उचलून धरली. ग्राहकाने अपग्रेड घेताना त्या प्रती नष्ट करणे बंधनकारक होते. त्याने त्या विकल्या. ग्राहक मालक नव्हता, केवळ परवानाधारक होता, असे न्यायालय म्हणाले.

११/ २९ जुलै २०१५ पासून वर्षभर विंडोज ७ आणि ८.१ च्या ग्राहकांना विंडोज १० मोफत देऊ केली गेली. पण होम आवृत्तीवरून होमवर, प्रोफेशनलवरून प्रोवर. फ्लॉपीच्या पुराव्याची जागा आता कंपनीच्या सर्व्हरवरील नोंदीने घेतली. ती नोंदही यंत्राच्या ओळखीशी जोडलेली.

१२/ म्हणून संगणकाचे मोठे भाग बदलण्याआधी आपला परवाना दुकानातून घेतलेला आहे की ओईएम, हे तपासावे. पहिला सहसा नव्या यंत्रावर नेता येतो. दुसरा जुन्या यंत्राबरोबरच संपतो. १९८६ मध्ये सिअ‍ॅटलची ती छोटी कंपनी याच प्रश्नासाठी भांडत होती. तिच्याजवळ करार होता, म्हणून तिला मोबदला मिळाला. आपल्याजवळही करार असतोच. फक्त तो आपण न वाचताच मान्य केलेला असतो.