फळ्यावर नऊ, चिठ्ठ्यांवर बहात्तर

अलिबाग तालुक्यातील एका शाळेत भरलेल्या शिक्षकांच्या शिबिरात बोलण्यासाठी मी गेले होते. विषय आयोजकांनीच ठरवला होता : 'रोजचा ताण आणि त्यावरचे उपाय'. माझे काम धातूंवर पडणाऱ्या ताणाचे. माणसांवरच्या ताणाबद्दल मी काय बोलणार, असे मी म्हणून पाहिले, पण 'ताण तो ताणच, बाई' असे उत्तर आले. तेव्हा भाषण देण्याऐवजी बुद्धिमंथन घ्यावे असे मी ठरवले. बी.एड.च्या अभ्यासात आपण सर्वांनी वाचलेली ही पद्धत आहे. सुचेल ते बोलायचे, कुणी कुणाला नावे ठेवायची नाहीत, सगळे फळ्यावर लिहायचे आणि निवड नंतर करायची.

वर्गात एकतीस शिक्षक होते. मी खडू हातात घेतला. पहिल्या रांगेतले एक ज्येष्ठ मुख्याध्यापक म्हणाले, "योगासने." मग प्राणायाम आला, पहाटे फिरणे आले, संगीत आले, सकारात्मक विचार आले. पंधरा मिनिटांत फळ्यावर नऊ उपाय झाले आणि वर्ग थांबला. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणाले, "म्हणजे चूक आमचीच." चहाच्या सुट्टीत एका तरुण शिक्षिकेने मला विचारले, "मॅडम, ही पद्धत खरोखर चालते का, हे कुणी तपासून पाहिले आहे का?"

हा प्रश्न खरे तर मीच स्वतःला आधी विचारायला हवा होता. तेव्हा मी अर्धेमुर्धे उत्तर दिले. हा लेख म्हणजे उरलेले उत्तर.

आधी ताण या शब्दाविषयी. पदार्थविज्ञानात एकक क्षेत्रफळावरील बलाला 'स्ट्रेस' म्हणतात. पाठ्यपुस्तकात त्याला प्रतिबल हा शब्द आहे. त्या बलामुळे वस्तूच्या आकारात जो बदल होतो तो 'स्ट्रेन'. माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठातील हान्स सेल्ये यांनी १९३६ साली 'नेचर' साप्ताहिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. उंदरांना थंडीत ठेवा, जखम करा, अतिश्रम करायला लावा किंवा विषारी द्रव्य टोचा. कारण कोणतेही असो, अधिवृक्क ग्रंथी वाढतात, थायमस ग्रंथी आक्रसते आणि जठरात व्रण पडतात, असे त्यांना दिसले होते. शीर्षकात 'स्ट्रेस' हा शब्द नव्हता, तो त्यांनी नंतर रूढ केला. गंमत अशी की, इंग्रजी अधिक चांगले येत असते तर आपण याला 'स्ट्रेन' म्हटले असते, असे पुढे त्यांनीच कबूल केले. धातूंवर काम करणाऱ्या माझ्यासारखीला ही चूक खुपते, कारण ती नुसत्या शब्दाची नाही. ताण म्हणजे बाहेरून पडणारा भार, की त्या भाराने माणसात होणारा बदल? उपाय कुठे शोधायचा हे या उत्तरावर ठरते. फळ्यावरचे आमचे नऊच्या नऊ उपाय माणसात बदल करण्याचे होते. भाराला कुणी हात लावला नव्हता.

सेल्ये उंदीर तपासत होते त्याच दशकात, १९३८-३९ च्या सुमारास, अमेरिकेत अॅलेक्स ऑस्बर्न हे जाहिरात व्यवसायातले गृहस्थ आपल्या कंपनीत वेगळ्या प्रकारच्या बैठका घेऊ लागले. कंपनीचे नाव बी.बी.डी.ओ., आणि त्यातला 'ओ' म्हणजे स्वतः ऑस्बर्न. नेहमीच्या बैठकीत नवी कल्पना तोंडातून निघताच कुणीतरी तिचा गळा दाबतो, हा त्यांचा अनुभव होता. म्हणून त्यांनी चार नियम केले : टीका करायची नाही, कल्पना कितीही विचित्र असली तरी चालेल, जितक्या जास्त तितक्या चांगल्या, आणि दुसऱ्याच्या कल्पनेला जोडून पुढे जायचे. या बैठकांना 'ब्रेनस्टॉर्म' हे नाव पडले. यातला 'स्टॉर्म' आपण वादळ समजतो. ऑस्बर्न यांच्या मनात मात्र कमांडो किल्ल्यावर चढवतात तसा हल्ला होता. मराठीत आपण त्याचे मंथन केले. मला आपला शब्द अधिक आवडतो. मंथनाला वेळ लागतो आणि त्यातून आधी काय वर येईल ते सांगता येत नाही.

१९५३ साली त्यांचे 'अप्लाइड इमॅजिनेशन' हे पुस्तक आले आणि ही पद्धत कारखाने, लष्कर, विद्यापीठे अशी सगळीकडे पसरली. ऑस्बर्न यांनी असेही लिहिले की, अशीच पद्धत भारतात हिंदू गुरू चारशेहून अधिक वर्षे वापरत आले आहेत आणि तिचे नाव 'प्राय-बार्शना' आहे. त्यांच्या मते 'प्राय' म्हणजे स्वतःच्या बाहेर आणि 'बार्शना' म्हणजे प्रश्न. हे वाक्य आजही अनेक पुस्तकांत उतरवले जाते आणि ते वाचून आपली छाती फुगते. असा शब्द आपल्या कोणत्या भाषेत आहे? माझा अंदाज असा की, गीतेच्या चौथ्या अध्यायातला 'परिप्रश्न' हा शब्द तोंडोतोंडी जाताना असा मोडला असावा. पण परिप्रश्न म्हणजे गुरूला सर्व बाजूंनी प्रश्न विचारणे. टीका न करता कल्पनांचा ढीग रचणे ही निराळी गोष्ट आहे. श्रेय मिळते म्हणून ते घेऊ नये, एवढे विद्यार्थ्यांना सांगण्यासाठी हे उदाहरण चांगले आहे.

आता त्या शिक्षिकेचा प्रश्न. गटात बसल्यावर माणसाला एकट्यापेक्षा दुप्पट कल्पना सुचतात, असा ऑस्बर्न यांचा दावा होता. येल विद्यापीठात टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी तो तपासला आणि १९५८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही विद्यार्थ्यांना चारचारच्या गटात बसवले, काहींना एकेकटे. मग एकेकट्यांपैकी चारचार जणांच्या कल्पना एकत्र केल्या, पुनरावृत्ती काढून टाकली आणि त्यांचा कागदावरचा गट बनवला. कधीही एकत्र न बसलेल्या या गटांकडे खऱ्या गटांच्या जवळजवळ दुप्पट कल्पना निघाल्या. दावा नेमका उलटा पडला. (दिलेल्या प्रश्नांपैकी एक होता : १९७० पर्यंत शाळांत मुले खूप वाढतील आणि शिक्षक पुरणार नाहीत, तर काय करावे? शिक्षकांचा प्रश्न प्रयोगशाळेतही होताच.)

असे का व्हावे? संशयित तीन होते. लोक काय म्हणतील ही भीती. दुसरे बोलतीलच, मग मी कशाला, हा आळस. आणि एका वेळी एकच जण बोलू शकतो ही साधी अडचण. मिखाएल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी १९८७ मध्ये हे तिन्ही वेगळे करून पाहिले. त्यांच्या एका प्रयोगात माणसे वेगवेगळ्या खोल्यांत एकटी होती, पण समोर रहदारीच्या दिव्यांसारखे दिवे होते. दुसरा बोलत असेल तर आपण थांबायचे. समोर कुणी नाही, पण थांबावे मात्र लागते, एवढ्यानेच कल्पना लक्षणीय घटल्या. आपली पाळी येईपर्यंत सुचलेले विसरते, किंवा आता ते सांगण्यासारखे नाही असे वाटू लागते. वर्गात हात वर करून ताटकळलेल्या मुलाचा चेहरा आठवा.

म्हणून ऑस्बर्न यांचे सगळेच टाकून द्यायचे का? नाही. एकट्याने विचार आणि गटात विचार आलटून पालटून करावा, असे त्यांनी स्वतःच लिहिले होते. लोकांनी सोयीचा भाग उचलला. १९६८ मध्ये जर्मनीत बेर्न्ड रोरबाख यांनी बोलण्याऐवजी लिहिण्याची रीत सुचवली : सहा जण, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटे, आणि मग कागद शेजाऱ्याकडे. सुचणे आणि पारखणे यांची वेळ वेगळी ठेवायची, हा ऑस्बर्न यांचा मूळ मुद्दा त्यात शाबूत राहिला.

तोच मुद्दा १९७१ मध्ये ताणाच्या अभ्यासात शिरला. थॉमस डी'झुरिला आणि मार्विन गोल्डफ्राइड या मानसशास्त्रज्ञांनी असे मांडले की, रोजच्या अडचणींनी खचलेल्या माणसाला अनेकदा पर्यायच दिसत नाहीत, आणि पर्याय शोधणे शिकवता येते. प्रश्नाकडे प्रश्न म्हणून पाहणे, त्याची नेमकी मांडणी करणे, पर्याय काढणे, निवडणे, आणि करून पडताळणे अशा त्यांच्या पाच पायऱ्या होत्या. तिसरी पायरी ऑस्बर्न यांच्याकडून आलेली. पुढे १९८४ मध्ये रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी ताणाला तोंड देण्याचे दोन प्रकार सांगितले : ताणाचे कारण बदलणे आणि आपल्या भावना सांभाळणे. कारण हातात असेल तिथे पहिला, नसेल तिथे दुसरा. दोन्ही लागतात. योगासनांना माझा विरोध नाही.

हे सगळे परदेशातले झाले असे वाटेल. पण गोव्यातील 'संगत' या संस्थेने सहकाऱ्यांसह हीच रीत दिल्लीच्या सरकारी शाळांत नेली. मानसोपचारतज्ज्ञ नव्हेत, तर थोडे प्रशिक्षण घेतलेले साधे समुपदेशक. त्यांनी किशोरवयीन मुलांना चित्रकथांच्या पुस्तिकांच्या मदतीने प्रश्न मांडणे, पर्याय काढणे आणि करून पाहणे या तीन गोष्टी काही छोट्या भेटींत शिकवल्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दुसऱ्या मुलांना फक्त पुस्तिका दिल्या होत्या. सहा आठवड्यांनंतर मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणींचा त्रास समुपदेशकांच्या गटात अधिक कमी झालेला दिसला. मानसिक लक्षणांत मात्र तेव्हा दोन्ही गटांत फरक आढळला नाही. निकाल असा संमिश्र आहे, आणि तो तसाच सांगायला हवा.

डी'झुरिला आणि गोल्डफ्राइड यांची दुसरी पायरी, प्रश्नाची नेमकी मांडणी, आपण घाईत ओलांडतो. तिचे मोल कळण्यासाठी अलिबागहून फार दूर जावे लागत नाही. पोयनाडजवळच्या चरी गावात २७ ऑक्टोबर १९३३ रोजी शेतकऱ्यांची सभा झाली. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. खोताला पिकाचा मोठा वाटा द्यायचा, वर वेठ-बिगार करायची, आणि कर्ज फिटायचे नाही, हा तिथला रोजचा ताण होता. शतकभर त्यावर प्रत्येक कुटुंब आपापला उपाय शोधत आले होते : आणखी कष्ट, आणखी कर्ज, नाही तर गाव सोडणे. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या सभेने प्रश्नच बदलला. 'खोताचा वाटा मी कसा भरू' याऐवजी 'ही पद्धत आपण का चालवावी' असा तो झाला, आणि प्रश्न बदलताच एकट्याला कधीच न सुचणारा पर्याय निघाला. जमीन कसायचीच नाही. पंचवीस गावांनी सहा वर्षे संप केला. लाकडे तोडून विकली, खाडीतली मासळी आणि रानातली करवंदे यांवर दिवस काढले. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर चरीला येऊन गेले, आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९ मध्ये संप मिटला, आणि त्याच वर्षी कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला. चरीत कुणी बुद्धिमंथन घेतले असे मी म्हणत नाही. सेल्ये आणि ऑस्बर्न हे शब्द घडवत होते त्याच वर्षांत आपल्या किनाऱ्यावर लोक भाराला हात लावत होते, एवढेच मला दिसते.

त्या दिवशी दुपारी मी फळा पुसला. येलचा प्रयोग मला अर्धवट आठवत होता. प्रत्येकाला कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या. पहिली दहा मिनिटे फक्त आपला प्रश्न, नाव न घालता, एका वाक्यात. मग दहा मिनिटे उपाय, तेही एकट्याने. मग चिठ्ठ्या मिसळून गटांत वाटल्या आणि ज्याला जे जोडावेसे वाटेल ते जोडू दिले. पारख सर्वांत शेवटी. उपायांच्या चिठ्ठ्या भरल्या बहात्तर.

सकाळी न आलेले प्रश्न आता आले. दोन वर्ग एकत्र शिकवताना मध्येच माहिती भरण्याचा फोन. पोषण आहाराचा हिशेब. एका चिठ्ठीवर लिहिले होते : 'रात्री भरतीची वेळ पाहून झोपते.' या बाईंची शाळा खाडीपलीकडे. तर चुकली तर तासभर काठावर, आणि पोहोचल्यावर बोलणी. या चिठ्ठीखाली गटाने सात उपाय जोडले होते. त्यातला एक त्याच शाळेतल्या, पलीकडच्याच काठावर राहणाऱ्या सहकाऱ्याचा असावा : महिन्याचे भरतीचे वेळापत्रक शाळेत लावावे, आणि त्या दिवशी परिपाठ आणि पहिला तास त्याने घ्यावा. बदल्यात शनिवारचा शेवटचा तास बाईंनी. यात योगही नव्हता आणि नवा शासननिर्णयही नव्हता.

चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे झाले : माझ्या हातातले, आपल्या शाळेच्या हातातले, आणि एका शाळेच्याही हातात नसलेले. तिसऱ्या गठ्ठ्यात एकच गोष्ट पाच वेगवेगळ्या अक्षरांत होती : खारबंदिस्ती फुटली, शेतात खारे पाणी शिरले, पालक कामासाठी बाहेरगावी गेले, मुले शाळेत येत नाहीत. सकाळी मागच्या बाकावरून बोललेले गुरुजी आता पुढे बसले होते. पाच चिठ्ठ्या त्यांनी एकाखाली एक लावल्या आणि पाचही गावांची नावे विचारून घेतली. शिबिर संपले तेव्हा पाच शाळांचा मिळून एक अर्ज तयार होता, आणि त्यावर ग्रामस्थांच्या सह्या कधी घ्यायच्या यावर वाद चालू होता.